गिऱ्हाईक बांधलेलं, की आपणहून आलेलं?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आता तालुक्याच्या गावातही 'मार्ट' नावाची पाटी दिसते. काचेचं दार, ढकलायची ट्रॉली, बिलाच्या मशीनचा टिक-टिक आवाज. दिवाळीच्या आधी पाहा, खेड्यातली माणसं गाडी करून येतात आणि महिन्या-दोन महिन्यांचा किराणा भरून नेतात. मग चौकात वाद सुरू होतो. एकजण म्हणतो, या मार्टांनी गरीब किराणावाल्याचा गळा घोटला. दुसरा म्हणतो, किराणावाल्यानं तीन पिढ्या आपला गळा घोटला, त्याचं काय?

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण या वादात एक प्रश्न कुणी विचारत नाही. माणूस एकाच दुकानात वर्षानुवर्षं का जातो? आवडतं म्हणून, की दुसरीकडे जाता येत नाही म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दुकानदार दोघांनाही 'आपलं कायमचं गिऱ्हाईक' म्हणतो. मला वाटतं, चांगल्या दुकानाचा सगळा इतिहास हा या दोन गिऱ्हाइकांमधल्या फरकाचा इतिहास आहे. आणि तो समजून घ्यायला आपला जिल्हा वाईट जागा नाही.

सुरुवात काट्यापासून करू. तराजूच्या काट्यापासून.

खामगावचा कापूस बाजार इंग्रजांच्या काळात नावाजलेला होता. इतका, की १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला गेला. कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना हवा होता आणि तो चोख वजनात, विनाभेसळ हवा होता. म्हणून देशातला पहिला नियंत्रित बाजार आपल्या वऱ्हाडातच, कारंजा इथं १८८६ साली सुरू झाला. पुढे १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. मापाडी कोण, दलाल कोण, वजन कसं करायचं, अडत किती घ्यायची, हे कायद्यात बसवलं गेलं. आजच्या बाजार समित्यांची ही खापरपणजी. त्या समित्यांत वजन व्यापाऱ्यांचंच होतं, शेतकऱ्याला फारसं कुणी विचारत नव्हतं, ही गोष्ट वेगळी (आणि फार जुनी झालीय असंही म्हणवत नाही).

पण एक लक्षात घ्या. शेतकरी माल विकायला गेला तर त्याच्यासाठी, कसा का असेना, कायदा होता. तोच शेतकरी कापूस विकून त्याच गावात तेल, मीठ, गूळ, कापड घ्यायला वळला, की त्याच्यासाठी काहीच नव्हतं. तिथं पायली दुकानदाराची, शेर दुकानदाराचा, भाव त्याच्या तोंडचा आणि हिशोब त्याच्या वहीतला. देशात मेट्रिक वजनं लागू व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. तोवर एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराला जुळेल याची खात्री नव्हती.

आणि ती वही! किराणा दुकानाची खरी ताकद मालात नव्हती, वहीत होती. आपल्याकडे पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो. पोट मात्र रोज लागतं. मधले आठ-दहा महिने कोण चालवणार? दुकानदार. "पैशाचं नंतर पाहू ना भाऊ, माल तर घेऊन जा," हे वाक्य ज्या घरानं ऐकलं नाही असं कोरडवाहू घर जिल्ह्यात सापडणं कठीण. या वाक्यात माया आहेच. मी ती नाकारत नाही. लग्नाला, बाळंतपणाला, मयतीला किराणावाल्यानं दुकान उघडून सामान दिल्याचे किस्से गावोगाव आहेत. पण त्याच वाक्यात बेडीही आहे. उधारी आहे तोवर भावात घासाघीस करता येत नाही. तांदळात खडे निघाले तरी परत करायला जीभ रेटत नाही. आणि दुसऱ्या दुकानात दिसलात, की टोमणा तयार, "काहून भाऊ, तिकडे दिसले म्हने काल?"

ही वही किती जड होऊ शकते, ते बघायचं तर १८७५ चं सुपे आठवा. पुणे जिल्ह्यातल्या या बाजारगावात १२ मे रोजी शेतकऱ्यांनी सावकार-दुकानदारांवर हल्ला केला. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव लोण पसरलं. लोकांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. ते हिसकावून जाळले गेले. धान्य विकणारा, कर्ज देणारा आणि माल विकत घेणारा एकच माणूस असला की गिऱ्हाइकाचं काय होतं, याचा तो पुरावा आहे. सुप्याच्या लोकांनाही दुकानदार 'आपलं कायमचं गिऱ्हाईक'च म्हणत असणार.

वऱ्हाडात तसा भडका उडाला नाही, पण व्यवस्था तीच होती. नंतर सरकार आलं, सहकार आला, १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आली. योजना शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायची म्हणून होती. पण पैसे हप्त्यांनी आणि उशिरानं मिळायचे. कापूस सरकारच्या जिनिंगात, चुकारा कागदावर, आणि घरचं तेल-मीठ पुन्हा त्याच वहीवर. सरकारच्या उशिराचा भार शेवटी गावचा किराणावाला उचलत होता, आणि त्याची किंमत भावात लावून घेत होता. त्याला तरी दोष कसा द्यायचा? त्यालाही वरचा ठोक व्यापारी होता.

आता थोडं लांब जाऊ. इंग्लंडात रॉचडेल नावाचं गिरणगाव आहे. तिथल्या मजुरांची गत आपल्यासारखीच होती. पगार तुटपुंजा, दुकानात उधारी, पिठात भेसळ. कित्येक मालक तर पगाराऐवजी आपल्याच दुकानात चालणारी चिठ्ठी द्यायचे. हे थांबवायला १८३१ साली कायदा करावा लागला. या गावात २८ जणांनी, त्यात विणकर बरेच, एकेक पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ ला टोड लेनमध्ये दुकान उघडलं. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, मेणबत्त्या. बस. पण नियम पक्के होते. माल शुद्ध. माप पूर्ण. सभासदाला एकच मत, पैसा कितीही असो. नफा उरला तर तो ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आणि सगळ्यात कडू नियम, उधारी बंद. रोख असेल तर या.

गरिबांनी गरिबांसाठी काढलेलं दुकान, आणि उधारी नाही? मला हा नियम फार दिवस निर्दय वाटायचा. पण त्यांनी ओळखलं होतं की उधारी आली की गिऱ्हाईक बांधलं जातं, आणि बांधलेल्या गिऱ्हाइकाला कुणी पूर्ण माप देत नाही. त्यांना असं गिऱ्हाईक हवं होतं, ज्याला उद्या दुसरीकडे जाता येतं आणि तरी ते इथंच येतं. जगभरातल्या ग्राहक सहकाराचं मूळ या दुकानात आहे.

आपल्याकडे हे रोपटं लागलं तेही गिरणगावातच. डिसेंबर १९४७ मध्ये सरकारनं धान्यावरचं नियंत्रण उठवलं आणि भाव भडकले. नव्या स्वातंत्र्यात काळा बाजार मोकाट होता. १९४८ साली मुंबईत नायगावला कामगार वस्तीत 'अपना बाजार' सुरू झाला. तिथल्या कामगारांनी आणि कार्यकर्त्यांनी उभी केलेली ग्राहक सहकारी संस्था. पुढे तिची मोठाली दुकानं झाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी तिथूनच डाळ-तांदूळ आणला. का? ठेवण काही देखणी नव्हती, विक्रेते हसून बोलायचे असंही नाही. पण वजन वजनाएवढं, भाव लिहिलेला, आणि तूरडाळीत लाख डाळ मिसळलेली नसणार हा भरवसा. गिऱ्हाइकाला दुकानात शिरताना सावध राहावं लागत नव्हतं. बस, एवढंच. त्या काळात एवढंच फार मोठं होतं.

१९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी समितीनं हजारो बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. मागणी साधी होती, तेल, साखर, धान्य वाजवी भावात द्या. त्याच दशकात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची, संगीतकार सुधीर फडकेही त्या कामात होते. त्यांची पद्धत तर दुकानाशिवायच्या दुकानाची. शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, संस्था एकत्र खरेदी करते, आणि सभासद स्वतःच मोजून वाटून घेतात. जाहिरात नाही, काचेची शोकेस नाही. तरी माणसं वर्षानुवर्षं टिकून आहेत. कोल्हापूरकडे वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या साखर कारखान्याच्या परिसरात 'वारणा बाजार' उभा राहिला, तोही सत्तरच्याच दशकात. खेड्यातल्या माणसाला मोठं दुकान कशाला, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. वारणेत ऊस आणि दूध आहे. दुधाचा पैसा दर पंधरवड्याला येतो. आपल्याकडे कापूस आणि सोयाबीन आहे.

मग सहकारी भांडारं मागे का पडली? १९६२ नंतर केंद्रानं ग्राहक भांडारांची योजना देशभर नेली. जुलै १९६६ मध्ये, रुपयाचं अवमूल्यन होऊन महिना उलटला तेव्हा, दिल्लीत सरकारी आशीर्वादानं 'सुपर बाजार' उघडला. २००२ ला तो बंद झाला. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या भांडारांच्या पाट्या गंजल्या, काही ठिकाणी फक्त पाटीच उरली. माझं मत सरळ आहे. रॉचडेलची संस्था सभासदांच्या पौंडातून उभी राहिली, आपली बरीचशी भांडारं सरकारी भागभांडवलातून. सभासदाला ती आपली वाटलीच नाहीत. साखर-रॉकेलचा कोटा होता तोवर रांग होती. ती रांग बघून संचालकांना वाटलं, लोकांचं प्रेम आहे. कोटा गेला, रांगही गेली. म्हणजे तिथंही गिऱ्हाईक बांधलेलंच होतं, फक्त वहीऐवजी कोट्यानं.

आता मार्टाकडे येऊ. यातला एक धागा मला फार मजेशीर वाटतो. ज्या राधाकिशन दमाणींनी २००२ साली मुंबईत पवईला पहिलं डी-मार्ट काढलं, त्यांनी त्याआधी १९९९ च्या सुमारास नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवली होती. शेअरबाजारातला मुरलेला माणूस दुकानदारी शिकायला सहकारी भांडारात गेला! २०१७ च्या मार्चमध्ये कंपनीचा शेअर बाजारात आला तेव्हा २९९ रुपयांचा भाव पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला.

डी-मार्टची रीत बघा. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाड्याची टांगती तलवार नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, म्हणून त्याच्याकडून भाव कमी. मालाचे प्रकार मोजके, खपणारेच. सजावट बेताची. आणि सवलत रोजची, एखाद्या दिवसाची नाही. याउलट बिग बझारनं २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ता दिन'ला दुकानं ओसंडून वाहवली, पण त्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक एरवी येईलच असं नव्हतं. कर्जाच्या ओझ्याखाली २०२२ पर्यंत तो बाजार उठला. चेन्नईच्या सुभिक्षानं दहा-बारा वर्षांत देशभर सोळाशेच्या आसपास दुकानं उघडली आणि २००९ ला रोख रक्कम संपली म्हणून सगळी बंद पडली. ज्या दुकानात रॅक रिकामे दिसायला लागतात, तिथं माणूस दोनदा जातो, तिसऱ्यांदा जात नाही.

स्वतः उचला, स्वतः टोपलीत टाका, ही पद्धत १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स सॉंडर्सच्या 'पिग्ली विग्ली' दुकानात सुरू झाली. प्रत्येक वस्तूवर भाव लावलेला. आपल्याकडे पाकिटावर वजन आणि किंमत छापायचे नियम १९७७ साली आले, आणि १९९० नंतर सगळ्या करांसह कमाल किंमत छापणं सुरू झालं. मार्टाचा पाया या छापील आकड्यावर आहे. 'एमआरपीपेक्षा कमी' म्हणायला आधी एमआरपी छापलेली हवी. बाजाराची कमाल म्हणून आपण जे मिरवतो, त्याच्या मुळाशी एक रूक्ष सरकारी नियम आहे, हे आपण विसरतो.

पण माझ्या मते आपल्या भागात मार्टानं गिऱ्हाईक जिंकलं ते नुसत्या भावावर नाही. जुन्या दुकानात खातं पुरुषाच्या नावावर असायचं. सामान काय आणायचं हे ती सांगायची, पण दुकानदाराशी बोलायचा तो. मार्टात ती स्वतः जाते, पाकीट उलटं करून तारीख वाचते, नको असेल तर परत ठेवते. सॅनिटरी पॅड मागायला पोराला काऊंटरवर पाठवून कागदात गुंडाळून आणायची गरज नाही. आणखी एक. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये 'दुकाने' हा शब्द आहे. जात, धर्म, लिंग यावरून दुकानात जायला कुणाला मज्जाव करता येणार नाही, असं लिहून ठेवावं लागलं, कारण पायरीखाली उभं राहून, वरून टाकलेला माल झेलणारी माणसं या महाराष्ट्रात होती. ट्रॉली कुणाच्याही हातात सारखीच चालते. ज्यांना 'जुनी आपुलकी' आठवून गहिवरून येतं, त्यांनी ती आपुलकी कुणाकुणाच्या वाट्याला येत होती तेही आठवावं.

मग मार्ट चांगलंच, असं म्हणून मोकळं व्हायचं का? इथं आपल्या जिल्ह्याचा पेच येतो.

मार्ट रोखीचं आहे. रॉचडेलचा तो कडू नियम त्यानं पाळलाय, पण रॉचडेलच्या मजुराला पगार ठरल्या दिवशी मिळायचा. आपल्याकडचा नोकरदार, शिक्षक, बँकेतला माणूस मार्टात गेला, म्हणजे किराणावाल्याचं रोखीचं गिऱ्हाईक गेलं. त्याच्याकडे उरलं कोण, तर फक्त उधारीवालं. ज्यांच्या रोखीवर तो बाकीच्यांची उधारी पेलायचा, तेच गेले. त्यामुळे एकतर तो उधारी बंद करतो, नाहीतर भाव वाढवतो, नाहीतर दुकान. मोठ्या गावात हे चालून जाईल. पण लोणार, सिंदखेड राजा, संग्रामपूरकडच्या खेड्यात?

सोयाबीनचंच घ्या. २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बराच खाली भाव चालला. सगळे तज्ज्ञ सांगतात, घाई करू नका, माल थांबवा. थांबवतो. पण घरात थप्पी लावून ठेवलेला प्रत्येक क्विंटल कुणाच्या तरी उधारीवर थांबलेला असतो. किराणावाल्यानं हात आखडला की दुसऱ्या दिवशी माल मोंढ्यात जातो, पडेल त्या भावात. किराणा दुकान हे आपल्या शेतमालाच्या भावाचं एक न दिसणारं गोदाम होतं. ते मोडतंय, आणि यावर कुठल्याच बैठकीत चर्चा नाही.

उपाय नाहीत असं नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजानं. आपल्याच जिल्ह्यात १९८६ साली राधेश्याम चांडक यांनी सुरू केलेल्या बुलढाणा अर्बननं गोदामातल्या मालावर कर्ज देण्याचं काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. म्हणजे इथं हे जमतं. दुसरीकडे, २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना ठेवी घ्यायला मनाई केली होती, हेही आपण पाहिलंय. तेव्हा पीककर्ज अडलं आणि सावकाराचं दार पुन्हा उघडलं.

वहीतली उधारी गिऱ्हाइकाला बांधते, कारण माल देणारा आणि कर्ज देणारा एकच असतो. कर्ज गोदामाच्या पावतीवर मिळालं आणि किराणा रोखीनं घेता आला, तर तोच शेतकरी किराणावाल्याकडे जाईल नाहीतर मार्टात, त्याची मर्जी. मग किराणावाल्यालाही पूर्ण माप द्यावं लागेल आणि मार्टालाही. येत्या हंगामात माझं बाजार समितीच्या संचालकांना एवढंच विचारणं आहे. तुमच्या गोदामात तारणासाठी जागा किती, ती व्यापाऱ्यांच्या मालानं किती भरलीय, आणि शेतकऱ्याला पावती मिळाल्यावर पैसे किती दिवसांत मिळतात? हे तीन आकडे समितीच्या फाटकावर फळा लावून लिहा. भाव लिहायचा फळा आहेच की तिथं, त्याच्या बाजूला.